खाडीवर चंद्र का सापडत नाही? वाशी, नेरूळ, ठाणे, पनवेल : चंद्र बघायच्या आणि टिपायच्या जागा

चांदणवेडी (नेरूळ)

मी मूळची सोलापूरची, नेरूळला येऊन तीन वर्षं झाली. यंदा कोजागिरीला घरचे पाच जण वाशीच्या सागर विहारला गेलो. थर्मासमध्ये मसाला दूध, ट्रायपॉड, दोन दिवसांसाठी भाड्याने आणलेली ७०-३०० लेन्स. डोळ्यांसमोर चित्र पक्कं होतं : समोर खाडी, पाण्यातून वर येणारा पिवळा चंद्र आणि पाण्यावरून थेट आमच्यापर्यंत आलेली त्याची वाट. सहा वाजता पोचलो तर समोर पाणीच नाही. चिखल, त्यात रुतलेल्या दोन होड्या आणि लांबवर पाण्याची एक चकाकती रेघ. चंद्राचा पत्ता नाही. सातच्या सुमारास लेकाने हाक मारली, "आई, मागे बघ." चंद्र आमच्या पाठीशी, दोन टॉवरांच्या फटीत, चांगला वर आलेला आणि पांढरा पडलेला.

त्याआधी दोन पौर्णिमांना नेरूळच्या खाडीकडे सहज फिरायला गेले होते, तेव्हाही संध्याकाळी चिखलच होता. मला वाटलं, माझी वेळ चुकली.

जाणकारांनी सांगा : आपल्या खाडीवर चंद्रोदय दिसतो का, आणि कुठून? पाणी कधी असतं? आणि फोटोत चंद्र साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका का येतो? ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठलीही जागा चालेल. सासूबाई सोबत असतात, त्यांना फार चालवत नाही, एवढं लक्षात घ्या.

पारसिक_पायवाट (बेलापूर)

ताई, इथे पहिल्यांदा चंद्र शोधायला निघालेल्या बहुतेकांचं हेच होतं. आपला किनारा पश्चिमेचा. वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळ या सगळ्यांना ठाणे खाडी पश्चिमेला आहे. चंद्र उगवणार पूर्वेला, म्हणजे पारसिकच्या डोंगरामागून. त्यामुळे पौर्णिमेच्या संध्याकाळी खाडीकडे तोंड करून बसलं की तो पाठीमागूनच येणार. डोंगराची उंची आणि अंतर धरलं तर वाशीत तो पंचांगातल्या चंद्रोदयानंतर दहा-पंधरा मिनिटांनी कड्यावर येतो. डोंगराच्या जितकं जवळ जाल तितका आणखी उशीर. मध्ये टॉवर असले तर विचारूच नका.

खाडीची खरी मजा चंद्रास्ताला. पौर्णिमेनंतरच्या पहाटे, सूर्य पारसिकमागे उगवत असताना, पूर्ण चंद्र पलीकडे मुंबईवर बुडतो. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावाकाठच्या बागेकडून समोर ट्रॉम्बेचा डोंगर येतो, वाशीच्या मिनी सीशोरवरून विक्रोळी-कांजूरच्या इमारती. आणि शुक्ल द्वितीया-तृतीयेची कोर संध्याकाळी याच बाजूला मावळते. उरलेला काळा भाग पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात राखाडी दिसतो, तो बघायला साधी दुर्बीणही पुरते.

आणखी एक. पौर्णिमेचा चंद्र ठरावीक जागी उगवत नाही. तो सूर्याच्या समोर असतो, म्हणून सूर्य जिथे उन्हाळ्यात उगवतो तिथे चंद्र हिवाळ्यात उगवतो. मार्गशीर्ष-पौषात ईशान्येकडे, वैशाख-ज्येष्ठात आग्नेयेकडे. हा झोका १८.६ वर्षांच्या चक्रात लहानमोठा होतो. २०२४-२५ मध्ये तो सर्वांत मोठा होता, आपल्या अक्षांशावर पूर्वेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ तीस-तीस अंश. २०३४च्या सुमारास तो वीसवर येईल. म्हणून कुणी "अमक्या कट्ट्यावरून मस्त दिसतो" म्हणालं की आधी विचारायचं : कुठल्या महिन्यात?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

पाण्यापलीकडून उगवणारा चंद्र हवा असेल तर खाडी ओलांडून आमच्याकडे या. चेंदणी कोळीवाड्याजवळ मीठबंदर रोडने सरळ खाडीवर. समोर कळवा-विटाव्याची बाजू आणि मागे पारसिक-मुंब्र्याचा डोंगर, म्हणजे तोंड बरोबर पूर्वेला. ठाणे-कळवा लोकलचे उजळलेले डबेही चौकटीत येतात. गाडी जवळपर्यंत जाते, सासूबाईंना त्रास नाही. लहानपणी आम्ही तिथे कोजागिरीला दूध आटवायचो. तेव्हा डोंगराखाली दिवे फार कमी होते, आता रांग लागलीय.

घोडबंदरच्या बाजूला गायमुख चौपाटी आहे. तिथे उल्हासची खाडी उत्तर-ईशान्येला पडते, म्हणून ती जागा फक्त हिवाळ्याची. पौषात चंद्र भिवंडीच्या बाजूने पाण्यापलीकडे येतो. वैशाखात गेलात तर तो जमिनीकडून उगवेल.

रात्रपाळी (ऐरोली)

चंद्रास्ताला +१. मी पहाटे कंपनीच्या बसने ऐरोली-मुलुंड पुलावरून परततो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या डोंगरावर तांबूस चंद्र आणि आरशात मागचा सूर्योदय. अख्खी बस झोपलेली असते. कितीदा वाटतं, चालकाला थांबवावं. पण पुलावर थांबणं बरोबर नाही, म्हणून नुसतं बघतो.

सारसोळेकर (नेरूळ)

दिशेचं वर सगळं आलंय. चिखलाचं मी सांगतो, कारण आमच्या घराण्याचं पोटच त्यावर चाललं.

ताई, तुमची वेळ चुकली नाही. पौर्णिमेला संध्याकाळी सहा वाजता तुम्ही कुठल्याही वर्षी, कुठल्याही महिन्यात या, खाडीत ओहोटीच असणार. आम्ही तिला सुकती म्हणतो. वडिलांनी मला शाळेत जायच्या आधी हिशेब शिकवला : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा वाजतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा, धरा अकरा-बारा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरती दिवसातून दोनदा, दर साडेबारा तासांनी, आणि दोन भरत्यांच्या मध्ये सुकती. मग पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री पाणी काठोकाठ, पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाला तळ उघडा.

आता याच्या शेजारी चंद्र ठेवा. पौर्णिमेला चंद्र सहाला उगवतो, सुकतीही सहाला. संकष्टीला चंद्र नऊच्या आसपास, भरती तीनची म्हणजे सुकतीही नऊला. बीजेची कोर साडेसात-पावणेआठला मावळते, भरती दीडची, सुकती साडेसातला. कुठलीही तिथी घ्या. आपल्या खाडीत चंद्र क्षितिजाला टेकलेला असतो तेव्हा पाणी गेलेलं असतं, आणि चंद्र माथ्यावर येतो तेव्हा पाणी काठाला लागतं. चंद्र वर चढतो तसं पाणी चढतं. माझे आजोबा घड्याळ वापरत नव्हते, त्यांना चंद्राकडे बघून होडी कधी सुटेल ते कळायचं.

चांदणवेडी

सारसोळेकर दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला, मग कॅलेंडर घेऊन बसले. संकष्टीचे चंद्रोदय आणि भरतीच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या. दहा-वीस मिनिटांचा फरक सोडला तर सगळ्या जुळल्या. तीन वर्षं मी ज्याला दुर्दैव समजत होते ते गणित होतं!

म्हणजे क्षितिजावरचा चंद्र आणि त्याखाली भरलेली खाडी हे चित्र इथे कधीच मिळणार नाही?

पारसिक_पायवाट

मी नऊ वर्षं खाडीवर फोटो काढतोय आणि हे मला आज कळतंय. जुन्या फोल्डरमधले चंद्रास्ताचे फोटो उघडून बघितले. एकूण एक फोटोत चिखल. मी दर वेळी "आज नेमकी ओहोटी" असं म्हणून घरी आलो होतो.

शास्त्राच्या बाजूने थोडी भर. चंद्राच्या ओढीने भरती येते हे खरं, पण ती चंद्र डोक्यावर असतानाच यावी असा नियम नाही. समुद्राची खोली, किनाऱ्याचा आकार यावर प्रत्येक बंदराचं अंतर वेगळं ठरतं. मुंबईत हे अंतर असं पडलंय की भरती चंद्र माथ्यावर असण्याच्या जवळपास जुळते. दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर चंद्रोदयालाच भरती असू शकेल. त्यामुळे परदेशी ब्लॉगवरचे "भरतीला चंद्रोदय टिपा" वगैरे सल्ले इथे लावू नका. आणि खाडीत जसं आत जावं तशी भरती थोडी उशिरा पोचते. ठाण्याला मुंबईच्या अपोलो बंदरच्या मागाहून पाणी चढतं, म्हणजे चंद्रोदयाला मीठबंदरला पाणी अजून उतरतच असतं.

सारसोळेकर

ताई, कधीच नाही असंही नाही. एक वाट आहे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण : भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि सुकतीला पाणी पार लांब पळतं. अष्टमीनंतर दोन दिवस भांग. भांगात भरती मोठी नसते, पण सुकतीलाही पाणी फार मागे हटत नाही. शुद्ध नवमी-दशमीचा चंद्र रात्री एक-दोनच्या सुमारास खाडीवर मावळतो. तेव्हा सुकती असूनही खाडीत पाणी राहिलेलं असतं. अर्ध्याहून थोडा मोठा पिवळा चंद्र, खाली पाणी. पूर्ण चंद्र नाही, पण तुम्ही मागताय ते चित्र तेच. मी होडीतून कितीदा बघितलंय, फोटो काढायचं मनात आलं नव्हतं.

काचेआडून (ठाणे, घोडबंदर रोड)

साबुदाण्याचं उत्तर माझ्याकडून.

चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश रुंद आहे. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या नखामागे तो अख्खा लपतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याची प्रतिमा किती मोठी पडेल याचा सोपा हिशेब : लेन्सचे मिलिमीटर भागिले ११०. ३०० मिमीला २.७ मिमी. फुल फ्रेम सेन्सर २४ मिमी उंच, म्हणजे चंद्र उंचीच्या नवव्या भागाएवढा. ५० मिमीच्या लेन्समध्ये अर्धा मिलिमीटर, तोच तुमचा साबुदाणा.

पांढरा पडतो कारण आपण त्याला रात्रीची वस्तू समजतो. त्याच्यावर ऊन पडलेलं आहे, तो भर दुपारचा दगड आहे. पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ ११, १/१२५ पासून सुरुवात करा. क्षितिजाजवळ धुरकट असेल तर चार-आठ पट जास्त प्रकाश द्यावा लागतो. रात्री नऊला चंद्र नीट आला तर इमारती काळ्या येतात आणि इमारती नीट आल्या तर चंद्र जळतो, कारण दोघांच्या उजेडात फार मोठा फरक पडलेला असतो. म्हणून मी पौर्णिमेपेक्षा चतुर्दशीची संध्याकाळ पसंत करतो. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे चतुर्दशीला तो सूर्यास्ताच्या पाऊण-एक तास आधी येतो. सूर्य बुडाल्यावरच्या पंधरा-वीस मिनिटांत आकाश निळं, डोंगर अजून दिसतोय, खिडक्यांत दिवे लागलेत आणि चंद्र हात-दोन हात वर. एका क्लिकमध्ये सगळं येतं. पौर्णिमेनंतरच्या पहाटेही तसंच, फक्त उलट क्रमाने.

आता मोठ्या चंद्राचं गुपित. चंद्र मोठा होत नाही, समोरची वस्तू लांब नेऊन लहान करायची. वस्तूच्या उंचीच्या ११० पट लांब उभे राहिलात की ती चंद्राएवढी दिसते. माणूस चंद्राएवढा हवा असेल तर त्याला साधारण १९० मीटरवर उभा करा, ३० मीटरच्या देवळाच्या शिखरासाठी सव्वातीन किलोमीटर मागे जा. मग लांब लेन्स लावा. नवी मुंबईत रस्ते सरळ आणि खाडीकाठ मोकळा आहे, तेवढं मागे सरकायला जागा मिळते. ठाण्यात मला ती फार कमी ठिकाणी मिळाली. दिशा बघायला फोटोपिल्स किंवा स्टेलेरियम वापरा, पण आदल्या दिवशी जागेवर जाऊन उभे राहा. ॲपला समोर उभं राहिलेलं नवं बांधकाम दिसत नाही.

मोबाइलवाल्यांनी चंद्रावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढायची, बस. काही फोन चंद्र ओळखून त्यावर स्वतःच डाग रंगवतात. तसा फोटो सुंदर दिसतो, पण तो त्या रात्रीचा नसतो. मला तो ठेवावासा वाटत नाही.

गाढीकाठ (पनवेल)

चंद्रोदयासाठी पनवेलसारखी जागा नाही असं मी ठामपणे म्हणेन. आम्हाला पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका. चैत्राच्या आसपास पौर्णिमेचा चंद्र त्या बाजूने येतो. नवीन पनवेलच्या एखाद्या गच्चीवरून अंतर दहा-अकरा किलोमीटर. काचेआडून यांच्या हिशेबाने तिथे चंद्राची रुंदी नव्वद-शंभर मीटर भरते, म्हणजे सुळक्याचा माथा त्यापुढे ठसठशीत उभा राहतो. डोंगर उंच असल्याने चंद्र पंचांगातल्या वेळेनंतर पंधरा-वीस मिनिटांनी डोकावतो. तुम्ही शंभर मीटर डावीकडे-उजवीकडे सरकलात की सुळका चंद्राच्या बाहेर जातो, त्यामुळे गच्ची आधी हेरून ठेवा. मला पहिला नीट फोटो मिळायला चार वर्षं लागली. दोनदा ढग, एकदा धुरकं, एकदा मी चुकीच्या गच्चीवर.

आमच्याकडे चंद्र खरोखर मोठा दिसतो, वाशीत तेवढा दिसत नाही. डोंगरामुळे असेल.

काचेआडून

गाढीकाठ, जागा पहिल्या दर्जाची आहे, फोटो नक्की टाका. पण चंद्र पनवेलला मोठा नसतो. उगवताना करंगळीच्या नखाने मोजा, मग मध्यरात्री माथ्यावर आल्यावर पुन्हा मोजा. उलट क्षितिजावर असताना तो आपल्यापासून पृथ्वीच्या जवळपास एका त्रिज्येइतका लांब असतो, म्हणून दीड-एक टक्क्याने लहानच. डोंगर, घरं, झाडं शेजारी आली की आपला मेंदू त्याला मोठा ठरवतो. खरा फरक पडतो तो चंद्राच्या अंतराने : जवळ आला तर साधारण ३ लाख ५७ हजार किलोमीटर, लांब गेला तर ४ लाख ६ हजार. त्या दोन टोकांत व्यास चौदा टक्क्यांनी बदलतो.

गाढीकाठ

काल नखाने मोजलं. तुमचं बरोबर. तरी कलावंतिणीवर तो मोठाच दिसतो आणि मला तसाच बघायचाय.

संकष्टीवाली (खारघर)

मी फोटो काढत नाही. गेली बावीस वर्षं संकष्टी करते, म्हणजे महिन्यातून एकदा चंद्राची वाट बघतेच. वरचं वाचून एक उलगडा झाला. आमच्या इमारतीतून काही महिने चंद्र छापलेल्या वेळेला दिसतो आणि काही महिने वीस-वीस मिनिटं येत नाही. खारघरचा डोंगर आमच्या ईशान्येला आहे. चंद्र त्या बाजूने उगवतो त्या महिन्यांत तो डोंगरामागे असणार. कॅलेंडरमधली वेळ उघड्या क्षितिजाची, आमच्या खिडकीची नाही. आता मी वही करणार आहे.

जागा सांगायची तर खारघरचं सेंट्रल पार्क. मोकळं आहे, बसायला बाकं आहेत, चांदणवेडीच्या सासूबाईंना बरं पडेल.

मला यजमानांची जुनी १०×५० दुर्बीण मिळालीय. पौर्णिमेला चंद्र नुसता पांढरा दिसला, काहीच कळलं नाही. चूक कुठे होते?

पारसिक_पायवाट

काकू, दुर्बीण ठीक आहे, तिथी बदला. पौर्णिमेला सूर्य चंद्रावर समोरून पडतो, सावल्याच नसतात. सप्तमी-अष्टमीला बघा. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि डोंगर उठून येतात. कोपर टेकवून किंवा भिंतीला टेकून उभ्या राहा, नाहीतर चित्र हलतं. पौर्णिमेला बघण्यासारखं एक आहे : खालच्या बाजूचं टायको विवर. त्यातून निघालेले पांढरे पट्टे चंद्रभर पसरलेले दिसतील. आपलं चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं ती जागा त्याहूनही दक्षिणेला, सुमारे ६९ अंशांवर. यान दिसणार नाही, पण तिकडे बोट दाखवून नातवंडांना सांगता येतं.

रात्रपाळी

नवे लोक वाचतायत म्हणून काही गोष्टी मोकळेपणाने लिहितो. पाम बीच रस्त्याच्या कडेला गाडी लावून ट्रायपॉड मांडू नका, तिथली वाहनं फार वेगात असतात. अटल सेतूवर थांबायला मनाई आहे, दृश्य कितीही चांगलं असलं तरी. खारफुटीतून वाट काढत पाण्यापर्यंत जाऊ नका. चिखल गुडघ्याच्या वर जातो, आणि सारसोळेकरांनी सांगितलंच आहे की चंद्र चढतो तसं पाणी चढतं. तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये असताना ते पाठीमागून भरतं. येऊरला चंद्र बघायला रात्री जायचा विचार असेल तर सोडून द्या. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचं घर आहे. खालच्या उपवन तलावावरून येऊरच्या डोंगरावर बुडणारा चंद्र पहाटे दिसतो, तेवढा पुरे. ड्रोनही नको, विमानतळ आता आपल्या दारात आहे.

ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. फ्लेमिंगो ओहोटीलाच चिखलात चरायला उतरतात. त्यांच्यावर फ्लॅश मारू नका, टॉर्च फिरवू नका.

कोपरीकर

फ्लेमिंगोंचं वाचून सुचलं. चंद्रास्ताला कायम ओहोटी असते आणि ओहोटीला फ्लेमिंगो चरतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या पौर्णिमेनंतरच्या पहाटे चंद्र, ओला चिखल आणि पक्षी हे तिन्ही एकत्र येणारच. आपण चिखलाला दोष देतोय, आणि तोच मोठा आरसा आहे.

बाकी स्थिर पाणी हवं असेल तर भरतीची भानगड नसलेलं पाणी शोधा. ठाण्यात मासुंदा आणि उपवन तलाव. मासुंदावर दिवे फार, चंद्र हरवतो, तरी रात्री उशिरा बोटी थांबल्या की बरं वाटतं.

सारसोळेकर

ज्वेलचा तलावही तसाच. तो मुळात धारण तलाव. नवी मुंबईचा बराच भाग खाडीतून उचललेला, सखल. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, तेव्हा झडपा बंद होतात आणि पाणी या तलावांत थांबतं. म्हणून खाडी उघडी पडली तरी तिथे पाणी असतं. पश्चिम काठावर उभं राहून पूर्वेला तोंड केलं की संध्याकाळचा चंद्र इमारतींवरून तलावात उतरतो. सासूबाईंसाठी फरसबंद वाट आहे. ताई, तुम्ही याच्या शेजारी राहता!

चांदणवेडी

धागा वर काढतेय, कारण त्रिपुरी पौर्णिमा झाली आणि सांगायला खूप आहे.

चतुर्दशीला मीठबंदर. पाच वाजता पोचलो. साडेपाचनंतर डोंगराच्या कडेवर चंद्र आला तेव्हा इतका फिकट होता की आधी सासूबाईंना दिसला, मला नाही. पाणी फक्त मधल्या पात्रात. सूर्यास्तानंतर काचेआडून यांनी सांगितलेली ती पंधरा मिनिटं मोजून वापरली. निळं आकाश, डोंगर, खालचे दिवे आणि एक लोकल. २५० मिमी, चंद्र अजूनही लहान, पण गोल आणि डागांसकट. मग आम्ही घरी न जाता थांबलो. चंद्र वर चढत गेला आणि पाणी खरंच त्याच्याबरोबर चढत आलं. चिखलाचा एकेक उंचवटा बुडत होता. साडेसातला चंद्र तीन मुठी वर, म्हणजे तीस अंशांवर होता आणि त्याची वाट हलत हलत आमच्या बाजूच्या पाण्यापर्यंत आली होती. तिथे मी कॅमेरा बंद केला. सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक त्यांच्या आईच्या ओव्या.

पौर्णिमेनंतरच्या पहाटे मिनी सीशोर. पावणेसहाला लेक आणि मी. समोर ओला चिखल, आणि यावेळी मला तो हवाच होता. चंद्र कांजूरच्या इमारतींवर टेकला तेव्हा तळाशी चपटा झाला होता, दाबलेल्या भाकरीच्या गोळ्यासारखा, आणि सगळा चिखल तांब्याच्या परातीसारखा चमकत होता. फ्लेमिंगो अजून आलेले नव्हते, बगळे होते. हा माझा तीन वर्षांतला पहिला फोटो जो मी सोलापूरला भावाला पाठवला.

नवमीच्या रात्रीचं राहिलंय. सारसोळेकर दादा, ते दीड वाजता कुठून बघायचं?

सारसोळेकर

आमच्या सारसोळ्याच्या जेट्टीवरून. एकट्या येऊ नका, घरच्यांना घेऊन या. माझी बायको आणि मी असतोच, त्या वेळी जाळी काढायची असतात.

काचेआडून

ताई, निळ्या वेळेचा फोटो फारच चांगला उतरलाय. उजवीकडचा पथदिवा थोडा कापला असता तर अजून बरा वाटला असता. आणि एक तारीख सगळ्यांनी लिहून ठेवा : ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडे दिसेल, चंद्र चांगला वर असताना. पाऊणपटीच्या हिशेबाने तेव्हा खाडीही भरत आलेली असेल.

गाढीकाठ

लिहिली. पौषातल्या पौर्णिमेला गायमुखला कोण कोण येतंय? मी पनवेलहून चौघांना आणू शकतो, गाडीत जागा आहे.

संकष्टीवाली

मला खारघर स्टेशनवरून घ्या. दूध मी आणते.